रात्री मागे चिकटणारी गाडी: आधी काय तपासायचं आणि कुठे हात टेकायचे

लक्षणं

– आतल्या आरशात पांढरा झोत. समोरचा रस्ता दिसतो, पण कडेचा गडगा (दगडी कुंपण), साईडपट्टी, छत्री घेऊन चाललेला माणूस दिसेनासा होतो.

– मागचा सारखा अप्पर-डिप्पर (दिव्याचा झोत वर-खाली) मारतोय आणि दर वळणाला आणखी जवळ येतोय.

– आधी त्याचे दोन्ही हेडलाईट आरशात पूर्ण दिसत होते. आता ते डिकीच्या काचेखाली गेलेत आणि नुसतं त्याचं बॉनेट किंवा समोरची काच दिसते. सगळ्यांत खरं लक्षण हेच. दिवे डोळ्यांत येतात म्हणजे तो चिकटलाच असं नसतं. उंच गाडीचे दिवे लांबूनही खुपतात. दिवे दिसायचे बंद झाले की समजा, तो चार-पाच मीटरवर आलाय.

– आपला पाय नकळत दाबला गेलाय. पन्नासने चाललेली गाडी पासष्टवर कधी गेली ते कळलंच नाही.

– गाडीतल्या गप्पा थांबल्यात.

मी संगमेश्वरचा. १९ वर्षं भाड्याची गाडी चालवतोय, हल्ली सात सीटची. निम्म्याहून जास्त फेऱ्या रात्रीच्या असतात: विमानतळ, मुंबईचे दवाखाने, गणपतीला आणि शिमग्याला चाकरमानी. त्यामुळे हा त्रास मला आठवड्यातून एकदा तरी होतोच. पहिली काही वर्षं मी तो शिव्या देऊन सोडवायचा प्रयत्न केला. खाली जो क्रम दिलाय तो नंतर बसलेला आहे. फुकटातलं आधी, खर्चाचं नंतर, आणि जे आपल्या आवाक्यात नाही ते शेवटी.

१. आरशाखालची पट्टी (खर्च शून्य)

आतल्या आरशाच्या खाली एक छोटी पट्टी असते. ती ओढली की आरसा किंचित कलतो आणि मागचा झोत मंद होतो. माझ्या गाडीत बसलेल्या, स्वतःची गाडी असलेल्या कितीतरी लोकांना ती कशासाठी आहे हे ठाऊक नव्हतं. त्या आरशाची काच पाचरीसारखी एका बाजूला जाड असते. दिवसा मागचा चकाकता थर प्रकाश परत पाठवतो. पट्टी ओढली की तो प्रकाश छताकडे जातो आणि पुढच्या साध्या काचेवरून थोडासाच डोळ्यांत येतो. मागची गाडी दिसते, पण खुपत नाही.

हे पहिलं का, तर झोत डोळ्यांत असताना माणूस जे ठरवतो ते बहुतेक वेळा चुकीचं ठरवतो. आधी डोळे सोडवायचे, मग डोकं चालवायचं.

बाहेरच्या आरशांना ही पट्टी नसते. तिथे आपणच मान थोडी पुढे किंवा बाजूला घ्यायची. काही जण वैतागून आरसाच खाली पाडून ठेवतात. तसं करू नका. मागून कोण येतंय हे आज रात्री तुम्हाला नेहमीपेक्षा जास्त बघावं लागणार आहे. मागच्या काचेला काळी फिल्म लावणं हाही उपाय नाही. पावसात रिव्हर्स घेताना तुम्हीच आंधळे होता.

२. काच आणि डोळे

किनाऱ्यालगत राहणाऱ्यांनी हे विशेष बघावं. मालवण, देवगड, हर्णै, गुहागर, कुठेही गाडी दोन रात्री उघड्यावर उभी राहिली की खाऱ्या वाऱ्याने काचेवर पातळ साय धरते. दिवसा ती दिसत नाही. रात्री मागून झोत आला की काचभर पसरते. बाहेरची काच सगळे धुतात. आतली कोणी पुसत नाही, आणि खरी चिकट आतच असते: माणसांचा श्वास, डॅशबोर्डच्या पॉलिशची वाफ, अगरबत्तीचा धूर. ओलं फडकं मारायचं आणि वर वर्तमानपत्राचा बोळा फिरवायचा. चष्मा असेल तर तोही पुसायचा.

हे करूनही प्रत्येकच गाडीचा दिवा खुपत असेल, दिव्याभोवती वलय दिसत असेल, तर दोष मागच्या ड्रायव्हरचा नाही. हे गॅरेजचं काम नाही, डोळ्यांच्या डॉक्टरचं आहे. माझ्याबरोबरचे एक बुजुर्ग ड्रायव्हर दोन वर्षं 'हल्लीचे दिवेच वाईट' म्हणत होते. निघाला मोतीबिंदू. (हल्लीचे दिवेही वाईट आहेतच. साध्या दिव्याच्या खोबणीत बाजारातला एलईडी बल्ब कोंबला की प्रकाश रस्त्यावर कमी आणि झाडावर जास्त पडतो. पण ते मागच्याचं दुखणं, आपल्याला दुरुस्त करता येत नाही.)

३. आपले मागचे दिवे

या तपासणीवर मी जास्त वेळ घेणार आहे, कारण मी ज्यांना ज्यांना शिव्या दिल्या त्यांतल्या बऱ्याच जणांचं बरोबर होतं.

एका रात्री पनवेलहून निघालो तर नागोठण्यापर्यंत तीन ट्रक आणि एक ट्रॅव्हल्स मागे येऊन अप्पर मारून गेले. कोलाडला माझा पारा चढलेला. माणगावला चहाला थांबलो तर टपरीवरचा पोरगा म्हणाला, "काका, तुमचे मागचे लाईट पेटतच नाहीत." म्हणजे मी काळ्या रस्त्यावरची काळी गाडी होतो. मागच्याला मी शेवटच्या क्षणाला दिसत होतो. तो दचकून अप्पर मारत होता, आणि मी समजत होतो की दादागिरी करतोय.

एकट्याने तपासायची पद्धत सोपी आहे. रात्री गाडी पांढऱ्या भिंतीकडे किंवा दुकानाच्या शटरकडे पाठ करून लावा. दिवे चालू करा, आरशात बघा. भिंतीवर दोन्ही बाजूंना सारखा लाल उजेड हवा. ब्रेक दाबा, उजेड चटकन वाढला पाहिजे. इंडिकेटर दोन्ही बाजूंचे. मग खालच्या गोष्टी एकेक करून.

चिखल. पावसाळ्यात लाल माती मागच्या दिव्यांवर थापली जाते आणि दिवा पेटूनही दिसत नाही. चहाला थांबलात की एक तांब्या पाणी मारा. मी डिकीत दोन लिटरची बाटली त्यासाठीच ठेवतो.

बल्ब. जुन्या गाड्यांत मागच्या दिव्याचा आणि ब्रेकचा बल्ब एकच असतो, आत दोन तारा. एक तार जाते, दुसरी राहते. म्हणून ब्रेक लाईट लागतो आणि रात्रीचा दिवा लागत नाही, किंवा उलट. बल्ब चहा-वड्याच्या पैशात येतो आणि बहुतेक गाड्यांत डिकीतून हाताने बदलता येतो.

फ्यूज आणि पेडलखालचा स्विच. खालचे दोन ब्रेक लाईट गेले पण काचेतला तिसरा लागतोय, तर बल्ब बघा. तिन्ही एकदम गेले तर बल्बच्या मागे लागू नका. फ्यूज किंवा ब्रेक पेडलजवळचा स्विच गेलेला असतो.

अर्थिंग. हा खास आपल्या किनाऱ्याचा रोग. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मिणमिणतो, किंवा इंडिकेटर दिला की मागचा दिवा लुकलुकतो. खाऱ्या हवेने अर्थिंगचा स्क्रू गंजलाय. इथे मात्र हात आवरा आणि इलेक्ट्रिशियनकडे जा. वायर कापून जोड मारत बसलात तर आज ब्रेक लाईट लागेल आणि महिन्याने हॉर्न वाजायचा बंद होईल. दिवे एलईडीचे असतील तर तेही उघडू नका. तिथे बल्ब निघत नाही, बहुतेक वेळा अख्खा दिवा बदलावा लागतो.

मागचा फॉग लाईट. काही गाड्यांना मागे एक भडक लाल दिवा असतो, दाट धुक्यासाठी. आंबोलीत चालू केला आणि सावंतवाडीला उतरल्यावर बंद करायचा राहिला, की मागच्याच्या डोळ्यांत तो खिळ्यासारखा घुसतो. तो अप्पर मारून तेच सांगत असतो.

नव्या गाड्यांचा घोटाळा. पुढे दिवसा पेटणारी पांढरी पट्टी असते, आत स्पीडोमीटर कायम उजळलेला असतो. गावातून, नाक्याच्या उजेडातून निघताना वाटतं दिवे चालू आहेत. प्रत्यक्षात हेडलाईटचा स्विच बंद असतो आणि मागे मिट्ट काळोख. माझ्या भाच्याच्या नव्या गाडीच्या मागे मी पालीपासून लांज्याच्या अलीकडेपर्यंत गेलो, फोन करून सांगितलं तेव्हा त्याने स्विच फिरवला. तोपर्यंत त्याच्या लेखी मी मागे चिकटलेला कोणी मवाली होतो.

आणि एक माझी जुनी चीड: पावसात चारी इंडिकेटर लावून गाडी चालवणारे. मागच्याला कळत नाही तुम्ही उभे आहात की चालताय, डावीकडे वळणार की उजवीकडे. तो जवळ येऊन बघतो. म्हणजे तुम्हीच त्याला बोलावलंत.

४. डिकीतलं वजन

मागे तांदळाची पोती, आंब्याच्या पेट्या, चार माणसं. गाडीचा मागचा भाग बसतो, पुढचा उठतो आणि आपला डिप्परसुद्धा समोरच्याच्या आरशात अप्परसारखा जातो. समोरचा वैतागून साईड देतो, आपण पुढे जातो, आणि मग तो मागून अप्पर लावून सूड घेतो. स्टिअरिंगच्या डावी-उजवीकडे कुठेतरी शून्य ते तीनचं बटण असतं, वजन असेल तेव्हा ते वरच्या आकड्याला फिरवा. झोत खाली येतो.

५. आपण कुठून चाललोय

मुंबई-गोवा हायवेच्या चौपदरी झालेल्या तुकड्यात पन्नासने उजव्या लेनमधून जाणारी गाडी ही मागच्याला चिकटायचं आमंत्रण आहे. लोक तसे का चालतात ते मला कळतं. डाव्या लेनमध्ये दिवे नसलेली दुचाकी असते, उभा ट्रक असतो, बसलेली गुरं असतात. पण मागे कोणी आलं की आरसा बघून, डावीकडे रिकामं आहे याची खात्री करून डावीकडे जायचं, आणि तो गेला की हवं तर पुन्हा यायचं. दहा सेकंदांचं काम आहे.

२०११ पासून चाललेल्या चौपदरीकरणाने एक नवा प्रकार आणलाय. रुंद सिमेंटचा रस्ता अचानक संपतो आणि वळणरस्ता (डायव्हर्जन) सुरू होतो. मागचा ड्रायव्हर नवखा असेल तर त्याला हे माहीत नसतं. रुंद तुकड्यात तो वेग घेतो आणि तुम्ही वळणरस्त्यासाठी हळू केलंत की अंगावर येतो. म्हणून फलक दिसला की लांबूनच ब्रेकला नुसता स्पर्श करायचा, वेग न मोडता, दिवा दोन-तीनदा लागेल इतपत. घाट उतरताना खालच्या गिअरवर गाडी धरता तेव्हाही हेच. इंजिनच्या जोरावर वेग कमी होतो, पण ब्रेक लाईट लागत नाही आणि मागच्याला तुम्ही हळू झालात हे समजायला मार्गच नसतो.

६. साईड द्यायची, पण कुठे

इथवर सगळं ठीक असेल आणि तरी तो मागेच असेल, तर आता त्याला पुढे घालवायचं. पण कुठेही नाही.

आधी हिशेब बघा. ताशी ६० किलोमीटरने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर जाते. तो पाच मीटरवर असेल तर त्याच्याकडे सेकंदाचा तिसरा हिस्साही नाही. ताज्यातवान्या माणसाचा पाय ब्रेकवर जायलाच सेकंदभर लागतो. म्हणजे तुम्ही जोरात ब्रेक मारलात तर तो तुम्हाला ठोकणार, त्याची इच्छा असो वा नसो. म्हणून पहिलं काम आपल्या पुढचं अंतर वाढवणं. समोरच्या गाडीने एखादं झाड ओलांडलं की सावकाश 'गणपती बाप्पा मोरया' म्हणा, त्याला साधारण दोन सेकंदं लागतात. एरवी कोरड्या रस्त्यावर एकदा म्हणून होईपर्यंत तुम्ही त्या झाडाशी पोचता कामा नये. मागे कोणी चिकटलेला असताना दोनदा. पावसात तीनदा. पुढे जागा असली की ब्रेक हळू मारता येतो. हळू मारलेला ब्रेक मागच्या चिकटूलाही वाचवतो.

वेग वाढवून त्याच्यापासून सुटता येत नाही. तुम्ही सत्तरने गेलात तर तो सत्तरने चिकटतो. अंतर तेवढंच, धडक मोठी.

आणि ब्रेक मारून त्याला घाबरवायचं तर अजिबात नाही. मी मारलाय. गणपतीआधीच्या आठवड्यात, लोणेऱ्याच्या पुढे. एक मोठी गाडी वीस मिनिटं मागे होती. मी एकदा कचकन दाबला. ती थांबली, ठोकली नाही. पण माझ्या मागच्या सीटवर पेणहून आणलेली मूर्ती मांडीवर घेऊन एक आजी बसली होती. मूर्तीचा हात पुढच्या सीटला लागून दोन बोटं तुटली. आजी त्याआधी मला दोनदा म्हणाली होती, "जावंदे रे तेका. तेका घाई आसा, आपल्याक नाय." नंतर कुडाळपर्यंत ती एक शब्द बोलली नाही. गावच्या गणपतीच्या शाळेत (जिथे मूर्ती घडवतात) बोटं बसवून घेतली, असं तिच्या मुलाने मागाहून कळवलं. पुढच्या वर्षी त्यांनी दुसरी गाडी केली.

साईड देण्याची जागा सरळ हवी, लांबवर समोरून दिवे येत नसलेली. डावा इंडिकेटर द्या, पाय उचला, गाडी लेनच्या डाव्या कडेला धरा आणि वेग तसाच उतरू द्या. तो बाहेर निघाला की वेग वाढवायचा नाही. नियमही तेच सांगतो, आणि त्याने ओव्हरटेक अर्धवट असताना समोरून डंपर आला तर मधे सापडणाऱ्यांत तुम्हीही असता. हात बाहेर काढून 'जा' म्हणण्यात रात्री अर्थ नाही, दिसत नाही. उजवा इंडिकेटर देऊन 'जा' सांगायची ट्रकवाल्यांची जुनी रीत आहे, ती छोट्या गाडीने करू नये. मागचा समजतो की तुम्ही उजवीकडे वळताय.

चाक डांबराखाली उतरवायचं नाही, निदान जून ते ऑक्टोबर तरी नाही. लाल मातीची साईडपट्टी भिजून लोण्यासारखी झालेली असते, आणि बऱ्याच ठिकाणी डांबर आणि मातीत वीतभर खड्डा असतो. साठच्या वेगात डावं चाक खाली गेलं की माणूस घाबरून उजवीकडे ओढतो आणि गाडी समोरच्या लेनमध्ये जाते. घाटात दरीच्या बाजूला कधीच थांबायचं नाही. सागरी मार्गाला, आणि दापोली-गुहागरकडच्या आतल्या रस्त्यांना, दोन्ही बाजूंना चिऱ्याचे गडगे असतात. तिथे साईड द्यायला जागाच नसते. तिथे वेग चाळीसवर आणा, एखाद्या घराची पाखाडी (घराकडे जाणारी दगडी वाट), देवळासमोरचं आवार, साकवाच्या (ओढ्यावरच्या छोट्या पुलाच्या) आधीचा रुंद तुकडा येईपर्यंत त्याला मागे राहू द्या. संध्याकाळी शेवटची फेरी गाठायला धोपावे किंवा वेश्वीच्या जेटीकडे सुटलेल्या गाड्या असंच करतात. त्यांना बोट गाठायची असते, तुमच्याशी वैर नसतं.

हायवेवर मी ठरलेल्या जागाच वापरतो: पेट्रोल पंप, चालू ढाबा, एसटी स्टँडचा उजेड. माणगाव, महाड, भरणे नाका, बहादूरशेख नाका, हातखंबा, लांजा, राजापूर, तळेरे. कणकवलीत उड्डाणपूल झाल्यापासून गाव खाली राहतं, थांबायचं असेल तर पुलावर न चढता आधीच डावीकडे उतरावं लागतं. पंपावर शिरताना इंडिकेटर नेहमीपेक्षा दुप्पट आधी द्या. आत गेल्यावर लगेच निघू नका. पाच मिनिटं थांबा, नाहीतर पुढच्या वळणावर तुम्हीच त्याच्या मागे असाल आणि खेळ उलटा सुरू होईल.

कोण घाईत असतं हे कळलं की राग निम्मा होतो. मिरकरवाड्याहून सुटलेली मासळीची गाडी बर्फाच्या घड्याळावर चालते. एप्रिल-मे महिन्यांत आंब्याच्या गाड्यांना पहाटे वाशी मार्केट गाठायचं असतं. यांना साईड मिळाली की ते मागे वळून बघत नाहीत. रातराणीच्या एसटीचे ड्रायव्हर मला या १९ वर्षांत क्वचितच चिकटले असतील, हे मुद्दाम लिहून ठेवतो.

७. साईड दिली तरी जात नाही

आता खरी परीक्षा. दोनदा चांगली साईड दिली, तो गेला नाही. मग तो घाईत नाही. कोण आहे ते ओळखायचं.

वाट धरून आलेला. आंबा घाटात एका ऑगस्टच्या रात्री धुकं इतकं होतं की मधली पांढरी रेघसुद्धा तुटक दिसत होती. वरपासून एक गाडी अप्पर लावून माझ्या शेपटाला. मी साखरप्याला थांबलो, तीही थांबली. बोलायच्या तयारीनेच मी खाली उतरलो. आत विशीतला पोरगा, शेजारी त्याची आई. म्हणाला, "काका, तुमचं लाल दिवं बघत आलो बघा, नायतर रस्ताच दिसत नव्हता." त्याला मी चहा पाजला आणि सांगितलं की धुक्यात अप्पर लावला की समोर पांढरी भिंत उभी राहते, डिप्परवर ये. असा माणूस मागे असेल तर हळू आणि एकसारखं चालवायचं. त्याला टाळायला वेग वाढवलात तर तो तुमच्याबरोबर दरीच्या वळणावर येईल.

काहीतरी सांगू पाहणारा. डिकी उघडी, कॅरिअरची दोरी सुटलेली, मागचं चाक बसलेलं, साडीचा पदर दाराबाहेर. असा माणूस शेजारी येऊन हातवारे करतो. त्याच्यावर विश्वास ठेवा, पण अंधारात थांबू नका. वेग कमी करून पुढच्या उजेडापर्यंत जा.

झोपाळलेला. दिवे जवळ येतात, लांब जातात, डावी-उजवीकडे डुलतात. पहाटे तीन ते पाच. हॉर्न किंवा अप्पर नाही, हेच त्याचं लक्षण. याच्यापुढे राहूच नये. पहिल्या सुरक्षित जागी बाहेर निघा आणि ११२ ला (पोलिसांच्या तातडीच्या नंबरला) गाडीचा रंग, प्रकार, दिशा सांगा. त्या फोनने त्याचाही जीव वाचू शकतो.

ब्रेक गेलेला. हे फक्त उतारावर. कशेडी, परशुराम, निवळी, हातखंब्याचा उतार. मागून जड गाडी, हॉर्न न थांबता चालू, दिवे सारखे उघड-झाप, आणि कधी कधी जळलेल्या ब्रेक लायनरचा वास. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून ठेवले की लायनर तापून धरेनासे होतात. इथे 'का चिकटतोय' हा विचारसुद्धा करायचा नाही. त्याला थांबता येत नाही. समोर मोकळं असेल तर थोडा वेग घेऊन अंतर करा आणि पहिल्या रुंद जागी डोंगराच्या बाजूला पूर्ण बाहेर व्हा. आपली बाजू दरीची असेल तर डोंगराकडे जायला समोरची लेन ओलांडू नका, रुंद जागेपर्यंत पुढेच रहा.

आणि शेवटचा, खरोखर मागे लागलेला. तुम्ही हळू केलंत, तो हळू झाला. पंपात शिरलात, तो बाहेर थांबला. निघालात, पुन्हा मागे. हा प्रकार क्वचित होतो, मला एवढ्या वर्षांत दोनदा.

इथे थांबा, पुढचं काम पोलिसांचं

मागे लागलेल्या गाडीला स्वतः निस्तरायचं नाही. काचा वर, दारं लॉक. घरी जायचं नाही, घर दाखवायचं नाही. आतल्या, निर्जन रस्त्याला वळायचं नाही. शेजारी बसलेल्याने ११२ लावायचा. एकटे असाल तर पंपावर, माणसांत, गाडी चालू ठेवून लावा. सांगायचं ते या क्रमाने: आपण कुठे, कोणत्या दिशेने, मागची गाडी कोणती, नंबर दिसला तर नंबर. 'मुंबई-गोवा हायवेवर' एवढ्याने कोणालाच काही कळत नाही. मागे गेलेलं शेवटचं गाव आणि कडेचा किलोमीटरचा दगड सांगा. घाटात रेंज जाते, त्यामुळे शंका आली की फोन घाट चढायच्या आधी करायचा. कशेडी, हातखंबा, कसाल इथे महामार्ग पोलिसांची मदत केंद्रं आहेत, जवळ असाल तर सरळ गाडी तिथे घाला.

तो आडवी गाडी घालून थांबवायला लागला तर उतरायचं नाही. भांडायचं नाही, मोबाइलने शूटिंग करायला खिडकी खाली घ्यायची नाही. डॅशकॅम असेल तर तो आपलं काम करतोय. डॅशकॅम घेताना मागचा कॅमेराही असलेला घ्या. नुसता पुढचा कॅमेरा या त्रासात काहीच कामाचा नाही. नंतर तक्रार द्यायची असेल तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८४ धोकादायक वाहन चालवण्याचं आहे, आणि चित्रीकरणात नंबर वाचता आला तर तक्रारीला वजन येतं.

दुचाकीवाल्यांना एवढंच: तुम्ही सहावी आणि सातवी तपासणी करत बसू नका. मागे मोठी गाडी आली की उजेडात बाजूला व्हा आणि तिला जाऊ द्या. तुमच्याकडे डिकी नाही, पाठ आहे.

मागून ठोकलीच तर

चालत असेल तर गाडी रस्त्याच्या कडेला, वळणापासून लांब. चारी इंडिकेटर आता लावायचे. माणसं गाडीत बसवून ठेवायची नाहीत. गार्डरेलच्या किंवा गडग्याच्या पलीकडे उभी करायची, कारण रात्री दुसरी गाडी येऊन उभ्या गाडीला ठोकते. ठोकणाराच मागे लागलेला असेल तर मात्र उतरू नका. गाडी चालते तोवर उजेडापर्यंत न्या. लाल त्रिकोण चांगला पन्नास पावलं मागे ठेवायचा. कोणाला लागलं असेल तर आधी १०८, बाकी सगळं नंतर. मान दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका, मागून बसलेल्या धक्क्याची मान दुसऱ्या दिवशी सकाळी बोलते. डॉक्टरला दाखवा.

मग गाडीच्या मागे जाऊन बघा. डिकी बसते का, चाकाला पत्रा घासतोय का, खाली काही गळतंय का. पेट्रोल-डिझेलचा वास आला तर पुन्हा स्टार्टर मारायचा नाही, टोइंगवाल्याला बोलवायचं. आणि मागचे दिवे फुटले असतील, तर गाडी कितीही नीट चालत असली तरी त्या रात्री पुढे न्यायची नाही. एसटी स्टँडवर किंवा पंपावर लावायची, पॅसेंजरना दुसरी गाडी करून द्यायची आणि सकाळी इलेक्ट्रिशियनचं दुकान उघडायची वाट बघायची.